१६४० च्या शिखराआडचं पाणी

नागपुरातल्या सदरहून निघून अमरावती रोड धरला, की दीडशे किलोमीटरवर संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ लागतं. तिथे महेंद्र राय आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बुरशीकडून चांदीचे अतिसूक्ष्म कण करून घेतले. फोमा ग्लोमेराटा या बुरशीवरचा त्यांचा शोधनिबंध २००९ चा. हे कण एकमेकांना चिकटून तळाशी का बसत नाहीत? कारण त्यांच्या अंगावर कसलातरी थर असतो. तो कशाचा, हे अवरक्त प्रकाश सांगतो.

हा प्रकाश विल्यम हर्शेलला १८०० मध्ये सापडला. वर्णपटातल्या तांबड्या पट्ट्यापलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा चढला. धातूच्या कलिलाचा, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, अभ्यास मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये मांडला. सोन्याचे बारीक कण पाण्याला माणकासारखा लाल रंग देतात, हे त्याने दाखवलं. या दोन गोष्टी एकत्र यायला मात्र जवळजवळ शतक लागलं.

१९५४ मध्ये अमेरिकेत टेक्साको कंपनीच्या प्रयोगशाळेत आयशेन्स, प्लिस्किन आणि फ्रान्सिस यांनी सिलिकाच्या भुकटीवर प्लॅटिनम, निकेल असे धातू पसरले आणि त्यांवर कार्बन मोनॉक्साइड सोडला. मोकळ्या वायूचा रेणू २१४३ तरंगसंख्येला (एका सेंटीमीटरमधल्या लाटांची संख्या) प्रकाश शोषतो. प्लॅटिनमच्या एका अणूवर बसला की हा आकडा थोडा उतरतो, दोन अणूंवर पुलासारखा टेकला की २००० च्याही खाली जातो. रेणू धातूवर कसा बसलाय, हे आता कागदावर वाचता येऊ लागलं. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर क्षण वाटतो.

पण ती भुकटी कोरडी होती. कलिल पाण्यात असतं, आणि पाणी अवरक्त प्रकाश अधाशासारखं पितं. म्हणून कण सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवायचे, धुवायचे, वाळवायचे, अकीकाच्या खलात पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर घोटायचे आणि प्रेसमध्ये दाबून काचेसारखी पारदर्शक पेलेट काढायची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि सहकाऱ्यांनी २००१ पासून बुरशीजन्य चांदी-सोन्याच्या कणांवर जे काम केलं, त्यातही कणांवरच्या प्रथिनांचा माग एफटीआयआर या अवरक्त वर्णपटाच्या तंत्रानेच लागला. प्रथिनांची शोषणाची शिखरं १६५० आणि १५४० च्या आसपास येतात.

इथेच जपायला हवं. पाण्याचं स्वतःचं शिखर १६४० ला येतं, प्रथिनाच्या शिखराला अगदी खेटून. पोटॅशियम ब्रोमाइड हवेतला ओलावा ओढतं. नागपुरातल्या मे महिन्यात पेलेट लख्ख निघते; जुलैत तीच धुरकट होते आणि १६४० चं शिखर फुगतं. त्याला घाईने प्रथिन म्हणणं म्हणजे पावसाळ्याची नोंद बुरशीच्या नावावर करणं. १५४० चं शिखर सोबत नसेल, तर मी प्रथिनाचा दावा मानत नाही.

पाण्याला वळसा घालायच्या वाटा आहेत. जड पाणी घेतलं तर ते शिखर १२१० च्या आसपास सरकतं. १९६० च्या सुमारास हॅरिक आणि फारेनफोर्ट यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या एटीआर पद्धतीत प्रकाश स्फटिकाच्या आतून परततो आणि नमुन्यात साधारण एखादा मायक्रॉनच शिरतो, त्यामुळे पाण्याचा थर आपोआप पातळ राहतो. आणि उपकरण जुनं असलं, तरी एक गोष्ट कुणालाही करता येते: कोरी पेलेट, बुरशीचा नुसता अर्क आणि धुतलेले कण, असे तिन्ही आलेख एकाखाली एक छापायचे.