टेमर ओलांडणारा मतदारसंघ

मी राहते ते सॉल्टॅश टेमर नदीच्या पश्चिम काठावर, कॉर्नवॉलमध्ये आहे आणि नोकरी पूर्वेकडच्या, डेव्हनमधल्या प्लिमथमध्ये. मध्ये शेजारी शेजारी दोन पूल : रेल्वेचा ब्रुनेलने बांधलेला, 1859चा, आणि मोटारींचा 1961चा. मोटारींच्या पुलावर टोल एकाच दिशेला घेतात, कॉर्नवॉलमधून बाहेर पडताना. डेव्हनपोर्टच्या नौदल गोदीत उमेदीची सगळी वर्षं काढलेले आमचे शेजारी म्हणतात, इंग्लंडला जायचं तर पैसे मोजायलाच हवेत. कॉर्नवॉल इंग्लंडमध्येच आहे, असं त्यांना सांगायची सोय नाही.

टेमर उत्तरेच्या समुद्रापासून सहाएक किलोमीटरवर उगम पावते आणि त्या समुद्राकडे पाठ फिरवून थेट दक्षिणेच्या किनाऱ्याला जाते. त्यामुळे कॉर्नवॉल हे जवळजवळ बेटच. दहाव्या शतकात अथेलस्टन राजाने ही नदी कॉर्निश लोकांची हद्द ठरवली असं मानतात. साल 936 सांगतात. ती हद्द तेव्हापासून तसूभर हललेली नाही, असं इथले लोक छातीठोकपणे सांगतात. ते मात्र खरं नाही. वेरिंग्टन आणि नॉर्थ पेदरविन ही नदीच्या पश्चिमेची गावं टॅव्हिस्टॉकच्या मठाच्या मालकीची होती, म्हणून कित्येक शतकं डेव्हनमध्ये मोजली गेली. ती कॉर्नवॉलला मिळाली 1966 साली. मतदारसंघानेही ही हद्द याआधी ओलांडलेली आहे : युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक 1979 मध्ये झाली, तेव्हा कॉर्नवॉल आणि प्लिमथ मिळून एकच मतदारसंघ होता.

खासदारांच्या आकड्यांबाबतही कॉर्नवॉलचा इतिहास फारसा सोवळा नाही. ट्यूडर राजवटीत इथल्या बारक्या बारक्या गावांना संसदेत दोन-दोन माणसं पाठवायचा हक्क मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नवॉलचे खासदार 44 होते आणि अख्ख्या स्कॉटलंडचे 45! ग्रॅमपाउंडमधल्या मतखरेदीचा बभ्रा इतका झाला, की 1821 साली त्या गावाच्या दोन्ही जागा काढून यॉर्कशरला दिल्या. मग 1832च्या सुधारणा कायद्याने बाकीच्यांवरही कुऱ्हाड चालवली. प्रत्येक मताचं वजन सारखं हवं, असं कोणी म्हणालं तर त्याला दाखला शोधायला कॉर्नवॉलच्या बाहेर जावं लागत नाही.

नेमकं हेच तत्त्व पुढे करून 2010 साली आघाडी सरकारने विधेयक आणलं. खासदार 650 वरून 600 करायचे आणि प्रत्येक मतदारसंघातली मतदारसंख्या सरासरीच्या पाच टक्के खाली-वर, एवढ्यातच बसवायची. कॉर्नवॉलचे मतदार पाच जागांत मावत नव्हते आणि सहा जागांना पुरत नव्हते. म्हणजे एक मतदारसंघ टेमर ओलांडून अर्धा डेव्हनमध्ये जाणार हे ठरलंच. लोकांनी त्याला ‘डेव्हनवॉल’ असं नाव ठेवलं.

‘कीप कॉर्नवॉल होल’ ही मोहीम उभी राहिली. 1951 पासून कॉर्निश हक्कांसाठी लढणारा मेबियन केर्नो हा पक्ष तीत होताच, पण सत्ताधारी आघाडीतले खासदारही उतरले. सेंट आइव्हजचे अँड्र्यू जॉर्ज त्यांत पुढे होते. ऑक्टोबर 2010 मध्ये सॉल्टॅशला नदीकाठी सभा झाली. काळ्यावर पांढरा क्रूस असलेले सेंट पिरनचे झेंडे घेऊन माणसं जमली. पंतप्रधान कॅमेरन यांनी त्याआधीच या सगळ्याची संभावना करून टाकली होती : ही टेमर आहे, ॲमेझॉन नव्हे! हे वाक्य मोहिमेला जितकं उपयोगी पडलं, तितकं तिचं एकही पत्रक पडलं नसेल.

कॉर्नवॉलवाल्यांचा मुद्दा साधा होता. कायद्याने अपवाद मुळीच केले नसते तर गोष्ट वेगळी होती. पण ते केले होते. ऑर्कनी-शेटलंडला सूट होती. वीसेक हजार मतदारांच्या स्कॉटिश पश्चिम बेटांनाही होती. आइल ऑफ वाइटच्या लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने त्या बेटालाही सूट दिली. समुद्र ओलांडायचा नाही हे सरकारला पटलं. नदीपाशी येऊन मात्र त्याचा हट्ट सुरू झाला. कॉर्नवॉलला सूट न देताच 2011चा कायदा मंजूर झाला.

इथून पुढची लढाई मतदारसंघ आखणाऱ्या सीमा आयोगासमोर होती आणि तिथे मोहिमेची कोंडी झाली. आयोगाचे हात कायद्याने बांधलेले. लोकांनी अथेलस्टनपासूनचा इतिहास सांगितला तरी आयोगाचं उत्तर गणिताचंच असणार. हद्द ओलांडायची की नाही यावर वाद घालायला जागाच नव्हती. कुठे ओलांडायची, एवढंच सुचवता येत होतं. आणि ते सुचवलं की ओलांडणं मान्य केल्यासारखं व्हायचं. सप्टेंबर 2016च्या मसुद्यात मतदारसंघाचं नावच आलं : बिडफर्ड, ब्यूड अँड लॉन्सेस्टन. पहिलं गाव डेव्हनचं, पुढची दोन कॉर्नवॉलची. त्याच्या दोन वर्षं आधी, 2014 मध्ये, याच ब्रिटिश सरकारने कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली होती.

आज कॉर्नवॉल अखंड आहे. पण ते वाचलं कसं? 2012 मध्ये लॉर्ड्सच्या सुधारणेवरून आघाडीतले दोन पक्ष भांडले, लिबरल डेमोक्रॅट्सनी सूड म्हणून पुनर्रचना लांबणीवर टाकली आणि पहिला घाव चुकला. दुसऱ्या फेरीचा अहवाल 2018 मध्ये आला, तो संसदेने कधी मंजूरच केला नाही. 2020च्या कायद्याने 650 जागा कायम केल्या. दरम्यान मतदारयादी वाढली होती, त्यामुळे 2023च्या फेरीत कॉर्नवॉलमध्ये सहा मतदारसंघ बरोबर बसले. भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुलातली रहिवासी म्हणून मला इथे मत आहे आणि 2024 मध्ये ते मी अखंड कॉर्नवॉलमधल्याच मतदारसंघात दिलं. पण मोहिमेच्या युक्तिवादामुळे हे घडलं, असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. 2020च्या कायद्यातही वेल्सच्या अँगलसी बेटाला नव्याने सूट मिळाली. कॉर्नवॉलला नाही.

माझं माहेर कर्जतचं. 2008च्या पुनर्रचनेत पनवेल, कर्जत, उरण हे रायगडचे आणि मावळ, चिंचवड, पिंपरी हे पुण्याचे असे सहा विधानसभा मतदारसंघ एकत्र करून मावळ लोकसभा मतदारसंघ झाला. मध्ये टेमर नाही, सह्याद्री उभा आहे. 2009 पासूनच्या चारही निवडणुकांत खासदार घाटावरचेच, पिंपरी-चिंचवडकडचे. खालची भातशेती, खाडी आणि खारजमिनी यांचे प्रश्न वरच्या कारखानदारीच्या प्रश्नांहून निराळे. आपला 2002चा परिसीमन कायदा भौगोलिक रचना, प्रशासकीय हद्दी आणि लोकांची सोय शक्यतो पाहा, असं सांगतो. त्या ‘शक्यतो’मधून अख्खा बोरघाट पार झाला. आयोगाचा आदेश निघाल्यावर त्याला कोर्टात आव्हान देण्याची वाट राज्यघटनेच्या 329व्या कलमाने जवळपास बंदच केली आहे.

हद्द जुनी आहे म्हणून ती पवित्र ठरत नाही. वेरिंग्टनचं उदाहरण वर दिलंच आहे. ती जपायची ती एवढ्यासाठी, की तिच्या आतली माणसं स्वतःला एक समजतात आणि त्यांचं गाऱ्हाणं एका तोंडाने मांडलं जावं असं त्यांना वाटतं. हे आयोगाला पटवून उपयोग नसतो. कायदा होतानाच त्यात लिहून घ्यावं लागतं. ब्रिटनचा पुढचा सीमा अहवाल ऑक्टोबर 2031 पर्यंत यायचा आहे आणि कॉर्नवॉलकडे अजून कायद्याची एक ओळही नाही. आपल्याकडेही नवी जनगणना झाली की पुनर्रचनेची पाळी येणारच. मसुदा निघेल, हरकती मागवतील, हे खरं. पण त्याआधी पुनर्रचनेच्या कायद्याचं विधेयक संसदेत येईल. रायगडकरांनी, आणि ज्यांच्या मध्ये डोंगर किंवा नदी आहे अशा सगळ्यांनीच, आपल्या खासदाराला गाठायचं ते तेव्हा.