बौद्ध धर्म : धर्म, तत्त्वज्ञान की विज्ञान? एका प्रश्नाचा इतिहास

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या घरी आला होता. तो विज्ञानाचा पदवीधर. जेवणे आटोपून आम्ही ओसरीवर बसलो असता त्याने विचारले, "काका, बौद्ध धर्म हा खरे पाहता धर्मच नव्हे, ते विज्ञान आहे, असे म्हणतात. आमचे एक प्राध्यापक त्यास तत्त्वज्ञान म्हणत. तुमचे मत काय?" मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शिक्षक, दर्शनशास्त्रात निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु जन्मभर मुलांना इतिहास शिकविल्यामुळे एक खोड अंगी जडली आहे. कोणताही प्रश्न पुढे आला की तो प्रथम कोणी, केव्हा आणि कशासाठी विचारला, हे मी पाहू लागतो. तसे पाहू गेल्यावर जे आढळले ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

हा प्रश्न दिसतो तितका प्राचीन नाही. पाली ग्रंथांत बुद्धाच्या शिकवणीस 'धम्म' किंवा 'सासन' म्हटले आहे, आणि त्या शब्दांत आचार, विचार व साधना ही तिन्ही एकत्र नांदतात. धर्म एका खणात आणि तत्त्वज्ञान दुसऱ्या खणात, अशी वाटणी त्या भाषेत नव्हती. ती वाटणी युरोपीय पंडितांनी आणिली. युजीन ब्युर्नूफ या फ्रेंच पंडिताने १८४४ साली भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि युरोपात ह्या विषयाच्या अभ्यासास पक्का पाया मिळाला. परंतु ख्रिस्ती संस्कारांत वाढलेल्या वाचकांस त्यामुळे कोडे पडले. जगाचा कर्ता ईश्वर नाही, अमर आत्मा नाही, मग ह्यास धर्म म्हणावे कसे? 'धर्म की तत्त्वज्ञान' ही शंका अशी उद्भवली.

विज्ञानाचा धागा मात्र सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, गुंफला गेला. ती हकीकत मनोरंजक आहे. १८१५ साली कँडीचे राज्य इंग्रजांच्या हाती गेल्यावर त्या बेटावर मिशनऱ्यांचा जोर वाढला. त्यांचा मुख्य आरोप हा की, बौद्ध मत हे अडाणी समजुतींचे भारूड आहे. भिक्षूंनी आव्हान स्वीकारले. २६ व २८ ऑगस्ट १८७३ रोजी पाणदुरा येथे हजारो लोकांसमोर जाहीर वाद झाला. बौद्धांच्या बाजूने मोहोट्टिवत्ते गुणानंद हे भिक्षू उभे राहिले, तर ख्रिस्ती पक्षाचे मुख्य वक्ते डेव्हिड डी सिल्वा होते. गुणानंदांनी आपला बचाव तर केलाच, शिवाय बायबलातील कथांवर असे प्रश्न उभे केले की जमाव त्यांच्या बाजूस झुकला. ह्या वादाचा इंग्रजी वृत्तांत वाचून कर्नल ऑल्कट हे अमेरिकन गृहस्थ १८८० साली सिंहलद्वीपात आले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी बौद्ध धर्माची प्रश्नोत्तरावली छापली. तिला हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांची मान्यता होती. पुढील आवृत्त्यांत त्यांनी 'बौद्ध धर्म आणि विज्ञान' असा स्वतंत्र विभागच घातला. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत अनागारिक धर्मपालांनी जगापुढे हाच सूर लावला.

म्हणजे 'बौद्ध धर्म विज्ञानाशी जुळतो' हे वाक्य एका जिंकल्या गेलेल्या लोकसमूहाची ढाल होते. ज्या विज्ञानाच्या बळावर गोरे लोक स्वतःस श्रेष्ठ म्हणवीत, तेच विज्ञान आमच्या बाजूचे आहे, असे त्यांस सुनावण्यात स्वाभिमान होता. त्यास मी दोष देत नाही. परंतु ढाल म्हणजे प्रमाण नव्हे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

ह्याच सुमंगल महास्थविरांच्या विद्योदय परिवेणात १९०२ साली एक मराठी माणूस जाऊन पोहोचला. गोव्यातील सांकवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी ते हेच. 'बालबोधमेवा' मासिकातील बुद्धचरित्र वाचून ह्या गृहस्थाच्या मनाने ध्यास घेतला. १८९९ साली घर सोडून पुणे, काशी, नेपाळ अशी वणवण करीत, प्रसंगी अन्नछत्रात जेवून, ते पाली शिकण्यासाठी सिंहलद्वीपास गेले. पुढे हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. त्यांना बुद्धाविषयी अपार श्रद्धा होती, तरी ती आंधळी नव्हती. म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून सिद्धार्थ मध्यरात्री घरातून निघाला, ही कथा आपण पाठ्यपुस्तकांतून शिकविली. कोसंबींनी जुनी सुत्ते ताडून दाखवून दिले की, महापदानसुत्तात ही कथा गौतमाची नसून विपस्सी नामक पूर्वीच्या बुद्धाची आहे. आणि अरियपरियेसनसुत्तात तर स्वतः बुद्ध सांगतो की, आईबाप रडत असता त्याने केशवपन करून गृहत्याग केला. मग मध्यरात्रीचा घोडा राहिला कोठे? गृहत्यागाचे कारण शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा असावा, हे कोसंबींचे अनुमान मला पूर्ण सिद्ध वाटत नाही. परंतु शोधाची ती रीत खरोखर शास्त्रीय होती. मी तीस वर्षे मुलांना तो घोडा रंगवून सांगितला, ह्याची मला थोडी लाज वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा घेतली. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात त्यांनी ह्याच प्रश्नास हात घातला. रिलिजन ही व्यक्तीची खासगी बाब, तर धम्म हा माणसामाणसांतील सदाचार व म्हणून सामाजिक, असा भेद त्यांनी केला. तीन खणांपैकी एकही न निवडता चौथाच शब्द त्यांनी जागेवर आणून बसविला.

आता विज्ञानवादी मंडळी नेहमी पुढे करतात ते कालामसुत्त. केसपुत्त गावच्या कालाम लोकांनी तक्रार केली की, येणारा प्रत्येक आचार्य आपलेच खरे म्हणतो. बुद्धाने सांगितले : परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका. येथवर सर्वजण सांगतात. परंतु त्याच यादीत केवळ तर्कास पटते म्हणूनही स्वीकारू नका असे आहे, ते बहुधा गाळले जाते! पुढची कसोटी अशी की, ज्या गोष्टी आचरल्या असता अहित व दुःख होते, आणि ज्यांस सुज्ञ निंद्य मानतात, त्या स्वतः जाणून टाकाव्या. ही कसोटी प्रयोगशाळेतील नव्हे, आचरणातील आहे. मालुंक्यपुत्तास सांगितलेला विषारी बाणाचा दृष्टांत वाचकांस ठाऊक असेलच. बाण मारणाऱ्याचे कूळ व धनुष्याची जात विचारीत बसणारा मरून जातो. म्हणून जग शाश्वत की अशाश्वत, ह्या वादात बुद्ध शिरला नाही. नागार्जुन, दिङ्नाग, धर्मकीर्ती असे दिग्गज तत्त्वज्ञ पुढे ह्याच परंपरेत झाले ही गोष्ट निराळी.

विज्ञानाशी विसंगती मुळीच नाही असेही नव्हे. पुनर्जन्म आणि मेरुपर्वताभोवतीचे भूगोलवर्णन आहेच. दलाई लामांनी २००५ सालच्या आपल्या पुस्तकात स्पष्ट लिहिले की, विज्ञानाने एखादे बौद्ध मत निश्चित खोटे ठरविल्यास ते सोडले पाहिजे. हा प्रामाणिकपणा मला, आइन्स्टाइनच्या नावाने फोनवर फिरणाऱ्या वाक्यापेक्षा, अधिक मोलाचा वाटतो. 'विज्ञानास जुळणारा एकच धर्म तो बौद्ध' हे वाक्य त्याच्या लेखनात सापडत नाही. १९३० सालच्या लेखात विश्वविषयक धर्मभावना बौद्ध मतात अधिक प्रबळ आहे, एवढेच त्याने म्हटले होते.

मग पुतण्यास मी काय उत्तर दिले? मी त्यास विनयपिटकातील उपालीची गोष्ट सांगितली. ज्ञातीच्या स्मरणिकेत ती लिहिताना मन किंचित अडखळते, पण लिहितो. अनुरुद्ध, आनंद आदी शाक्य कुमार प्रव्रज्या घेण्यास निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. कुमार बुद्धास म्हणाले, "भगवन्, आम्ही शाक्य मोठे अभिमानी. ह्यास आमच्या आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांस त्यास वंदन करावे लागेल व आमचा अभिमान उतरेल." तसेच झाले. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने ठरत असल्यामुळे राजकुळातील मुले न्हाव्यापुढे वाकली.

पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, "पुढे त्या उपालीचे काय झाले?" मी सांगितले : बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर राजगृहास पहिली संगीती भरली, तेव्हा संघाचे नियम कोणते हे महाकस्सपाने भर सभेत विचारले ते उपालीस, आणि त्याने दिलेली उत्तरेच विनय म्हणून संघाने मान्य केली.