वॉल्ट डिस्ने वर्ल्ड : हॉटेलांतील पार्किंग शुल्क आणि अभ्यागतांचा प्रवेश

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात, ऑर्लँडो शहराच्या नैर्ऋत्येस वसलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या संकुलातील हॉटेलांत मुक्कामी पाहुण्यांकडून गाडी लावण्याबद्दल २०१८ ते २०२३ या काळात आकारले गेलेले शुल्क, तसेच त्या हॉटेलांत मुक्काम नसलेल्या लोकांना आत सोडण्याचे नियम यांची ही नोंद आहे. हे दोन विषय वरवर वेगळे दिसले तरी मुळात एकच आहेत. थीम पार्कला लागून असलेल्या हॉटेलात लावलेली गाडी म्हणजे थीम पार्कच्याच दारात लावलेली गाडी. तिथली जागा फुकट ठेवायची तर फाटकावर विचारपूस करणारा माणूस उभा करावा लागतो. विचारपूस नको असेल तर पैसे घ्यावे लागतात. जगभरच्या अशा हॉटेलांनी या दोहोंतला एक मार्ग धरला आहे किंवा दोन्हींची सरमिसळ केली आहे. डिस्ने वर्ल्डने पन्नास वर्षांत दोन्ही वापरून पाहिले, म्हणून त्याचे उदाहरण येथे विस्ताराने दिले आहे.

स्थळरचना : कॅलिफोर्नियातील पहिले डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडले तेव्हा मोटार लावायला २५ सेंट पडत आणि मोटारींचे मैदान थेट प्रवेशद्वारासमोर होते. उद्यानाच्या भोवतालची जमीन मात्र डिस्नेच्या हाती नव्हती. तिथे पाहता पाहता इतरांची मोटेले उभी राहिली. ‘डिस्नेलँड हॉटेल’सुद्धा जॅक रॅथर या दूरचित्रवाणी-निर्मात्याच्या मालकीचे होते, ते कंपनीकडे आले १९८८ मध्ये. फ्लॉरिडात हे टाळण्यासाठी सुमारे २७,००० एकर जमीन आधीच खरेदी करण्यात आली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी मॅजिक किंगडम हे उद्यान उघडले, तेव्हा काँटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन हॉटेले त्याच्या सोबतच सुरू झाली.

या मांडणीत एक गोष्ट कळीची आहे. मॅजिक किंगडमचे सार्वजनिक वाहनतळ उद्यानाच्या दारात नाही. ते सेव्हन सीज लगून या कृत्रिम तळ्याच्या पलीकडे आहे. गाडी लावून आधी ट्रामने तिकीट केंद्रापर्यंत जायचे आणि तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट धरायची. मुले आणि बाबागाडी बरोबर असली की उद्यानात पाऊल पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. उलट काँटेम्पररी हॉटेलातून निघालेला माणूस पायी दहा मिनिटांत फाटकाशी पोचतो. ग्रँड फ्लोरिडियन (१९८८) या हॉटेलापासूनही २०२० पासून पायवाट झाली आहे. एपकॉट उद्यानाच्या मागच्या दाराशी बोर्डवॉक (१९९६), बीच क्लब (१९९०) ही हॉटेले आहेत. जिथे पायी जाता येते तिथेच पहारा सर्वांत कडक, ही या संकुलातील साधी खूण आहे.

उद्यानांच्या वाहनतळाचे साध्या मोटारीचे दिवसाचे शुल्क २०२३ च्या ऑक्टोबरात २५ डॉलरांवरून ३० डॉलर झाले. डिस्नेच्या हॉटेलांत उतरलेल्यांना ते माफ आहे, वार्षिक पासधारकांनाही माफ आहे. म्हणजे दिवसापुरत्या येणाऱ्या माणसाने हॉटेलात गाडी लावून पायी उद्यान गाठले, तर त्याचे वाहनतळाचे शुल्क आणि अर्धा तास दोन्ही वाचतात. फाटकावरची सारी विचारपूस या एका हिशेबातून जन्मली आहे.

मुक्कामी पाहुण्यांचे शुल्क (२०१८–२०२३) : १९७१ पासून जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे हॉटेलात उतरलेल्यांना रात्रभर गाडी लावायला काही पडत नव्हते, गाडी नोकराच्या हाती देऊन लावून घ्यायची असेल तरच पैसे लागत. २१ मार्च २०१८ पासून नव्याने केलेल्या आरक्षणांवर प्रथमच रात्रीचे शुल्क लागले. हॉटेलांच्या तीन प्रतींनुसार दर ठरले : स्वस्त प्रतीच्या हॉटेलांत १३ डॉलर, मध्यम प्रतीत १९ आणि महागड्या प्रतीत २४. पुढे ते अनुक्रमे १५, २० आणि २५ करण्यात आले. मध्यम हॉटेलात सहा रात्री राहणाऱ्या कुटुंबाला यामुळे १२० डॉलर जास्त मोजावे लागले. खोलीचे भाडे आधीच प्रतीनुसार चढते. त्याच डांबरी जागेचे, त्याच पांढऱ्या पट्ट्यांमधल्या खणाचे भाडेही प्रतीनुसार चढावे, याला खर्चाचा आधार नव्हता. शुल्काची सर्वांत मोठी अडचण हीच होती.

दोन गटांना सूट होती. फोर्ट विल्डरनेस या छावणीत तंबूच्या किंवा फिरत्या घराच्या जागेबरोबर एका गाडीची जागा धरलेलीच असे. आणि डिस्ने व्हेकेशन क्लब या मालकी-हक्काच्या योजनेतील सभासद योजनेतील आपल्या गुणांच्या (पॉइंट्स) बदल्यात राहत असतील तर त्यांच्याकडून शुल्क घेतले जात नसे. दिवसापुरते जेवायला किंवा खरेदीला येणाऱ्यांना मात्र त्या पाचही वर्षांत जागा फुकटच राहिली. त्यामुळे विचित्र स्थिती उद्‌भवली : ज्याने खोलीचे शेकडो डॉलर भरले त्याला गाडीचे पैसे पडत, आणि संध्याकाळी जेवून परतणाऱ्याला पडत नसत. रात्र ओलांडली की पैसे, असा त्याचा अर्थ होता.

शुल्काचा जाच २०२२ मध्ये सर्वांत जास्त झाला. ऑर्लँडो विमानतळावरून हॉटेलपर्यंत नेणारी ‘मॅजिकल एक्स्प्रेस’ ही विनामूल्य बससेवा २००५ पासून चालू होती. १ जानेवारी २०२२ पासून येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती बंद झाली. ज्यांनी आजवर गाडीशिवाय सुट्टी काढली होती त्यांच्यापैकी पुष्कळांना आता भाड्याची गाडी घेणे सोयीचे ठरू लागले, आणि गाडी घेतली की रात्रीचे शुल्क आलेच. भारतातून अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे जाऊन सगळ्यांनी मिळून फ्लॉरिडा पाहायला निघालेल्या कुटुंबांना हे नेमके जाणवते, कारण त्यांची भिस्त गाडीवरच असते. सहल-कंपनीच्या बसने जाणाऱ्यांना या प्रश्नाची गंधवार्ताही नसते.

१० जानेवारी २०२३ रोजी हे शुल्क रद्द झाल्याचे उद्यान विभागाचे प्रमुख जॉश डॅमॅरो यांनी जाहीर केले. बॉब आयगर दोन महिन्यांपूर्वीच मुख्याधिकारीपदी परतले होते. त्यामुळे त्यांच्या आधीचे मुख्याधिकारी बॉब चेपेक यांनी लादले आणि आयगर यांनी काढले, अशी समजूत रूढ झाली. ती अर्धीच खरी आहे. मार्च २०१८ मध्ये चेपेक उद्यान विभागाचे प्रमुख होते हे बरोबर. पण कंपनीचे मुख्याधिकारी तेव्हा आयगरच होते. शुल्क आले ते त्यांच्याच कारकिर्दीत आणि गेले तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

फाटकावरील पद्धत : प्रत्येक हॉटेलाच्या आतल्या रस्त्याच्या तोंडाशी सुरक्षा रक्षकांची चौकी असते. मुक्कामी पाहुण्यांसाठी एक रांग वेगळी. तिथे मनगटावरची मॅजिकबँड नावाची पट्टी (ती २०१३ मध्ये आली) खांबावर टेकवली की आडवा दांडा वर जातो. दुसऱ्या रांगेत रक्षक काच खाली करायला सांगतो, चालकाचे ओळखपत्र पाहतो आणि काय काम आहे ते विचारतो. जेवणाचे आरक्षण असेल तर नाव यादीत शोधतो. काही हॉटेलांत वेळ लिहिलेली चिठ्ठी मिळते. ती काचेमागे, डॅशबोर्डवर दिसेल अशी ठेवायची, आणि तिच्यावर सहसा तीन तासांची मुदत धरली जाते. बोलणे आर्जवाचे असते, पण नकार मिळाला की मागे वळण्यासाठी वळणरस्ता चौकीच्या अलीकडेच करून ठेवलेला असतो.

एरवी आरक्षण नसतानाही ‘हॉटेल पाहायचे आहे’, ‘खालच्या उपाहारगृहात खायचे आहे’ एवढ्यावर आत सोडतात. नाताळ ते नववर्ष, चार जुलै अशा गर्दीच्या दिवसांत मात्र मॅजिक किंगडमजवळची तीन हॉटेले आरक्षण नसलेल्यांना परत पाठवतात. २०२० च्या साथीनंतर हॉटेले टप्प्याटप्प्याने उघडली, तेव्हाही काही काळ मुक्कामी आणि आरक्षण असलेलेच लोक आत जाऊ शकत होते. नियम छापील स्वरूपात फार त्रोटक आहेत. दिवस, वेळ आणि आतली गर्दी पाहून निर्णय चौकीवर होतो, आणि म्हणून एकाच दिवशी दोघांना दोन उत्तरे मिळू शकतात. अशा ठिकाणी लेखी नियम आधी कळणे हा पाहुण्याचा हक्क मानला पाहिजे; आजी-आजोबांना मागच्या सीटवर बसवून दूरवरून आलेल्या माणसाला फाटकावर कळून उपयोग नसतो.

बस, मोनोरेल, बोट किंवा ‘स्कायलायनर’ (सप्टेंबर २०१९ पासून सुरू झालेला हवाई पाळणा) यांतून उतरणाऱ्याला सहसा ही विचारपूस होत नाही. पहारा गाडीवर आहे, माणसावर नाही. मोनोरेलने काँटेम्पररीत उतरून, पॉलिनेशियनच्या वाळूवरून रात्रीचे आतषबाजीचे खेळ पाहून परत जाणारे लोक नेहमीचेच आहेत.

हॉटेलाच्या आतील मर्यादा : दिवाणखाने, दुकाने, उपाहारगृहे सर्वांना खुली, पोहण्याचे तलाव मुक्कामींपुरते. बीच क्लबच्या वाळूच्या तळाच्या मोठ्या तलावाला कुंपण असून आत मनगटपट्टी लागते. काँटेम्पररीच्या पंधराव्या मजल्यावरील ‘कॅलिफोर्निया ग्रिल’मध्ये जायचे तर आधी दुसऱ्या मजल्यावर नाव सांगावे लागते, मगच लिफ्टने वर नेतात. ॲनिमल किंगडम लॉज (२००१) या हॉटेलाच्या मागच्या गवताळ रानात जिराफ, झेब्रे चरतात; ते पाहायला बाहेरच्यांना मज्जाव नाही. संकुलातील सर्वांत उदार म्हणावी अशी ही व्यवस्था आहे.

फोर्ट विल्डरनेस : नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालेली ही छावणी या विषयात वेगळी पडते. येथे अभ्यागताला गाडी आत नेताच येत नाही. प्रवेशद्वाराजवळच्या मैदानात ती सोडायची आणि छावणीच्या अंतर्गत बसने पुढे जायचे. मुक्कामी लोकही गाडी आपल्या जागेवर उभी करून आत फिरण्यासाठी गोल्फगाडी भाड्याने घेतात. १९७४ पासून चालू असलेला ‘हूप-डी-डू’ हा जेवणासहितचा खेळ पाहायला रोज शेकडो बाहेरचे लोक येतात. कार्यक्रमाच्या पायोनियर हॉलपर्यंत ते बसने किंवा बोटीने पोचतात. शुल्क नाही, ओळखपत्राची कटकट थोडी, आणि तरी आत गाड्यांची दाटी नाही. गाडीला बाहेर थांबवून माणसाला मोकळे सोडण्याची ही रीत इतर हॉटेलांत का आणली नाही, हा प्रश्न गंभीरपणे विचारला गेला पाहिजे.

डिस्ने स्प्रिंग्ज : संकुलातील बाजारपेठ. येथील बहुमजली वाहनतळ विनामूल्य आहेत. ते रीडी क्रीक सुधार जिल्हा या १९६७ मध्ये स्थापन झालेल्या स्थानिक शासनसंस्थेने रोखे काढून बांधले. २०२३ मध्ये राज्याने त्या संस्थेचे नाव आणि नियुक्तीचे अधिकार बदलले. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या या तळांचा लाभ कोणाला, यावर नव्या मंडळाने आणि कंपनीने परस्परविरोधी भूमिका घेतल्या. २०२४ मध्ये उभयतांत तडजोड झाली.

संकुलातील इतर मालकांची हॉटेले : स्वान आणि डॉल्फिन (१९९०) ही डिस्नेच्या जमिनीवरची, पण वेगळ्या व्यवस्थापनाखालील हॉटेले. तिथे गाडीचे शुल्क आणि दररोजचे ‘रिसॉर्ट शुल्क’ दोन्ही लागतात. डिस्नेची स्वतःची हॉटेले रिसॉर्ट शुल्क घेत नाहीत. मुक्काम ठरवताना हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही.

भाड्यात न दाखवता मागाहून जोडल्या जाणाऱ्या सक्तीच्या शुल्कांना आळा घालणारा अमेरिकी संघीय व्यापार आयोगाचा नियम १२ मे २०२५ पासून अमलात आला. पाहुण्याच्या मर्जीवर असलेली पार्किंगसारखी सेवा एकूण भाड्यात धरण्याची सक्ती त्यात नाही. ती मात्र स्पष्ट सांगावी लागते.

इतर उद्याने : युनिव्हर्सल ऑर्लँडोने पैशांचा मार्ग धरला. पोर्टोफिनो बे (१९९९), हार्ड रॉक (२००१), रॉयल पॅसिफिक (२००२) आदी हॉटेलांत मुक्कामींनाही रात्रीचे शुल्क पडते, आणि दिवसापुरत्या गाडीलाही. उद्यानांच्या बहुमजली वाहनतळात मात्र खास कार्यक्रमांच्या रात्री वगळता संध्याकाळी सहानंतर साधी गाडी फुकट लावता येते. सिटीवॉक ही उपाहारगृहांची रांग संध्याकाळी गजबजलेली असते ती बरीचशी त्यामुळे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडच्या तीन हॉटेलांत मुक्कामींना आजही शुल्क आहे. पॅरिसच्या डिस्ने हॉटेलांत मुक्कामींना नाही. टोकियोत आहे.