पाळकाची उपजीविका

बाबा पदमनजी (१८३१-१९०६) हे आमच्या बेळगावचे. 'यमुनापर्यटन' (१८५७) या त्यांच्या कादंबरीचे नाव शाळेतील मुले परीक्षेपुरते पाठ करतात. परंतु कादंबरीकार बाबा पोटासाठी काय करीत होते, असे विचारले तर शिक्षकांच्या खोलीतही क्षणभर शांतता पसरते. ख्रिस्ती झालेल्या पहिल्या पिढ्यांचा विचार आपण श्रद्धेच्या अंगाने करतो, वादाच्या अंगाने तर फारच करतो. त्यांच्या चरितार्थाचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. आम्हांस वाटते की, त्यांच्या आयुष्यातील पुष्कळशी ओढाताण तेथेच होती.

बाप्तिस्मा घेणे म्हणजे त्या काळी घर, जात आणि धंदा ही तिन्ही एका दिवसात सुटणे. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री मुंबईस ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला होता. न्यायालयाने त्या अल्पवयी मुलास पित्याच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झगडले व त्यापायी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या एका मुलासाठी एवढे रण माजले, तर स्वेच्छेने गेलेल्या प्रौढास कोण विचारणार? धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडू नये असा कायदा १८५० मध्ये झाला खरा. पण कायद्याने वाटणी मिळते, यजमान आणि गिऱ्हाईक मिळत नाही.

अशा माणसांस मिशनने नवा व्यवसाय दिला. मिशनच्या शाळेत शिक्षक, मग उपदेशक आणि विधिपूर्वक दीक्षा मिळाल्यावर मंडळीचा पाळक, अशी ती चढण होती. पाळक हा केवळ प्रवचनकार नव्हे. मंडळीतील घरोघरी जाणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, नवराबायकोचा तंटा मिटविणे आणि ज्यांना आप्तांनी टाकले त्यांचा आप्त होणे, हे त्याचे खरे काम. नारायण शेषाद्रींना १८५४ मध्ये पाळकाची दीक्षा मिळाली, आणि पुढे त्यांनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल हे गावच वसविले. बाबा पदमनजी पुण्यास फ्री चर्चच्या शाळेत शिक्षक व पुढे पाळक झाले. नंतर ते पद सोडून धर्मपर ग्रंथांच्या संपादनास त्यांनी उरलेले आयुष्य वाहिले. एका जन्मात तीन व्यवसाय झाले, पण तिन्ही मिशनच्याच आश्रयाने. ही गोष्ट आम्ही दोष म्हणून सांगत नाही. अनुदानावर शाळा चालविणाऱ्याने तर ती तशी मुळीच सांगू नये.

मात्र या आश्रयाचा जाच नारायण वामन टिळकांना (१८६१-१९१९) जितका जाणवला तितका क्वचितच कोणाला जाणवला असेल. ख्रिस्ती होण्यापूर्वी ते शिक्षकी, पुराण-प्रवचने, संस्कृत ग्रंथांचे काम असे करीत गावोगाव फिरत होते. एका ठिकाणी टिकणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत ते अध्यापक झाले, १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाची संपादकीही आली. वरवर पाहता संसाराचे गाडे रुळावर आले होते. पण अभंग-ओवीच्या भाषेत ख्रिस्तभक्ती मांडणाऱ्या या कवीला एक गोष्ट सलत होती. आपल्या लोकांनी संत मानला तो मागून खाणारा, आणि आपण तर परक्या संस्थेचे पगारदार! आपला उपदेश लोकांच्या कानी पडतो तो पगारदाराचा उपदेश म्हणून पडतो, हे त्यांनी ओळखले होते.

लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त या गृहस्थाच्या हाती पैसा कसा टिकत नसे ते हसत हसत सांगितले आहे. त्या हसण्यात घर चालविणाऱ्या बाईची काळजी किती आहे, हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना आम्हांस कळले. पाळकाच्या त्या घरात बालकवींसारखा परधर्मी तरुण कवीही मुलासारखा राहून गेला. पगाराच्या कोणत्याही कलमात हे काम येत नव्हते.

१९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास स्वीकारला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. आम्ही स्वतः त्याच वयाच्या आसपास आहोत व सेवानिवृत्तीचा हिशेब मांडीत आहोत. त्यामुळे या निर्णयाची भीती आम्हांस अधिक वाटते. टिळकांना या वाटेवर दोनच वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. 'ख्रिस्तायना'चे त्यांच्या हातून थोडेच अध्याय लिहून झाले होते. उरलेले लक्ष्मीबाईंनी पुरे केले.