बारा खेळाडूंची नावे

श्रोतेहो, वास्को-द-गामा हे नाव आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? शाळेत असताना आपण सर्वांनीच ते पाठ केले आहे. १४९८ सालच्या मे महिन्यात हा पोर्तुगीज दर्यावर्दी आफ्रिकेला वळसा घालून कालिकतजवळच्या किनाऱ्याला लागला आणि युरोपातून हिंदुस्थानात यायचा जलमार्ग खुला झाला, एवढे कुठलाही विद्यार्थी सांगेल. गोव्यात मुरगाव बंदरालगतच्या शहराला आजही त्याचेच नाव आहे. आगगाडीने तिकडे निघालेला माणूस ‘वास्कोला चाललो’ असेच म्हणतो. पण १५०२ साली हाच गामा दुसऱ्यांदा आला, तेव्हा मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे एक जहाज त्याने बायकामुलांसकट जाळले, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते.

आता मी जर म्हटले की, याच गामाचे नाव घेतलेली एक संस्था, चारशे वर्षांनंतर, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, गरिबांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या बाजूने ठामपणे उभी राहिली, तर आपल्याला नवल वाटेल. त्यातून ती संस्था म्हणजे फुटबॉल खेळणारे एक मंडळ! म्हणाल, खेळाच्या गोष्टीला इतिहासाच्या भाषणात काय काम? पण जरा ऐका. समाजाची खरी घडण पुष्कळदा दरबारापेक्षा खेळाच्या मैदानावरच लवकर दिसते.

प्रथम देश समजून घेऊ. ब्राझील हा दक्षिण अमेरिकेतला सर्वांत मोठा देश. तीनशे वर्षे तो पोर्तुगालच्या ताब्यात होता, १८२२ साली स्वतंत्र झाला. उसाचे मळे, सोन्याच्या खाणी, कॉफीच्या बागा हे सारे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर उभे राहिले. गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १३ मे १८८८ रोजी. अमेरिका खंडातल्या सर्व देशांत ही बंदी सर्वांत उशिरा आली ती ब्राझीलमध्ये. कायदा झाला, पण सुटलेल्या माणसाला ना जमीन मिळाली ना शाळा. बेड्या तुटल्या, दरवाजे मात्र बंदच राहिले.

त्यानंतर दहा वर्षांनी, २१ ऑगस्ट १८९८ रोजी, रिओ द जानेरो शहरात पोर्तुगालहून पोटासाठी आलेल्या काही मंडळींनी एक क्लब काढला. गामाच्या सफरीला त्या वर्षी चारशे वर्षे पुरी होत होती, म्हणून क्लबाला त्याचे नाव दिले. ही मंडळी बहुतेक दुकानदार, कारकून, व्यापारी. क्लब होता होड्या वल्हवण्याच्या शर्यतींचा. फुटबॉलचा तेव्हा पत्ताच नव्हता. १९०४ साली या क्लबाने कांदिदो जोझे दे आराउजो या मिश्रवर्णीय गृहस्थाला आपला अध्यक्ष निवडले. त्या काळच्या रिओत ही गोष्ट साधी नव्हती.

फुटबॉल आला तो १९१५ साली. पुढच्या वर्षी पहिलाच सामना झाला आणि त्यात वास्कोचा दहा विरुद्ध एक असा पार धुव्वा उडाला. सुरुवात ही अशी! पण ही माणसे व्यापारी वृत्तीची, चिकाटीची. खालच्या वर्गातून चढत चढत १९२२ साली त्यांनी वरच्या वर्गात जागा मिळवली.

त्या वेळी रिओतले फुटबॉल हा श्रीमंतांच्या मुलांचा शौक होता. फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोताफोगो, अमेरिका हे तिथले मातबर क्लब. त्यांचे खेळाडू डॉक्टरकी-वकिली शिकणारे, चांगल्या घरचे. बांगू नावाच्या गिरणीच्या संघात कामगार आणि कृष्णवर्णीय खेळाडू पूर्वीपासून होते, हे खरे; पण अजिंक्यपद बड्यांच्या हातून कधी सुटले नव्हते. वास्कोने काय केले? गल्लीबोळांतल्या मैदानांवर जो चांगला खेळेल तो उचलला. रंग पाहिला नाही, घराणे पाहिले नाही. गोलरक्षक नेल्सन द कॉन्सेइसांव हा भाड्याची मोटार हाकणारा. कुणी भिंती रंगवणारा, कुणी गोदीतला हमाल. रामोन प्लातेरो या उरुग्वेच्या शिक्षकाने त्यांच्याकडून कसून मेहनत करून घेतली. १९२३ साली हा काळ्या सदऱ्यांचा संघ वरच्या वर्गात उतरला, साऱ्या हंगामात एकच सामना हरला आणि पहिल्याच वर्षी रिओचा अजिंक्यवीर ठरला!

श्रोतेहो, खरी गोष्ट इथून पुढेच आहे. मातबर क्लबांनी काय करावे? ते जुन्या संघटनेतून बाहेर पडले आणि १९२४ साली त्यांनी नवी संघटना काढली. वास्कोला सांगितले, या, पण तुमच्या बारा खेळाडूंना आधी वगळा. कारण काय, तर त्यांचे व्यवसाय आणि त्यांची सामाजिक स्थिती योग्य नाही. शिवाय क्लबाकडे साजेसे मैदान नाही. खेळाडू हौशी असावा, त्याचे पोट मानाच्या धंद्यावर चालावे, त्याला लिहिता-वाचता यावे, अशी ही नियमांची भाषा. त्यात रंगाचे नाव काढायची गरजच नव्हती. पण चाळण अशी विणली होती की, खाली कोण गळणार हे सगळ्यांना ठाऊक होते.

येथे आपण न्यायाने बोलले पाहिजे. वास्कोचे व्यापारी आपल्या खेळाडूंना दुकानात नावापुरती नोकरी देत आणि हातावर पैसे ठेवत, असा बोभाटा होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. तेव्हा हौशीपणाचा नियम वास्को वाकवत होता, हे कबूल करू. पण ज्याला सकाळी गोदीत ओझे वाहायचे आहे त्याने फुकट खेळावे, हा नियमच मुळी भरल्या पोटाच्या माणसाने केलेला होता. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, एक गोष्ट खास आपल्यासाठी सांगतो. सामन्याच्या कागदावर खेळाडूला सही करावी लागे. ती येत नसे त्यांना क्लबाने अक्षरे गिरवायला बसवले, असे सांगतात. ज्या अटीने माणसे बाहेर ठेवायची, त्याच अटीने त्यांच्या हातात लेखणी आली!

७ एप्रिल १९२४ रोजी वास्कोचे अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी नव्या संघटनेच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. पत्र लहानच आहे. त्याचा आशय असा की, हे बारा जण तरुण आहेत, नुकते कुठे पुढे येत आहेत. त्यांच्या नावाला डाग लागेल असे कृत्य आम्ही करणार नाही. ज्यांनी आमच्या निशाणाला यश मिळवून दिले त्यांना टाकून आम्हाला तुमच्यात यायचे नाही. सबब आमचा अर्ज मागे घेतो. बस्स, एवढेच. ब्राझीलमध्ये हे पत्र आज ‘ऐतिहासिक उत्तर’ या नावाने ओळखले जाते. गामा वारला १५२४ साली. त्याच्या मृत्यूला चारशे वर्षे होत असताना त्याच्या नावाच्या कागदावर हा मजकूर लिहिला गेला. नाव तेच राहिले, त्याचा अर्थ मात्र माणसांनी आपल्या कृतीने बदलला.

वास्को त्या वर्षी जुन्याच संघटनेत खेळला आणि जिंकला. प्रेक्षक त्याच्यामागे गेले. १९२५ साली नव्या संघटनेने त्याला आत घेतले, खेळाडूंसकट! राहिला मैदानाचा टोमणा. सभासदांनी वर्गणी काढली, दुकानदारांनी गल्ल्यातून हात सैल सोडला, आणि पायाभरणीपासून अकरा महिन्यांच्या आत, २१ एप्रिल १९२७ रोजी, साओ जानुआरिओ हे ब्राझीलमधले त्या वेळचे सर्वांत मोठे क्रीडांगण उभे राहिले. उद्‌घाटनाला खुद्द राष्ट्राध्यक्ष आले होते. त्या दिवशीचा सामना वास्को हरला ही गोष्ट वेगळी! पुढे याच मैदानावर, १ मे १९४० रोजी, राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ वार्गास यांनी कामगारांसाठी किमान वेतनाचा कायदा जाहीर केला. आणि खेळाचे पैसे घेणे? ते १९३३ साली रिओत उघडपणे मान्य झाले. काल जो गुन्हा होता तो आज रिवाज झाला.

म्हणजे सगळे गोड झाले का? नाही. १९४५ ते १९५२ हा वास्कोचा सुवर्णकाळ. रिओचे अजिंक्यपद पाच वेळा, आणि १९४८ साली चिलीतल्या सांतियागो येथे दक्षिण अमेरिकेतल्या अजिंक्य संघांची स्पर्धा त्याने जिंकली. १९५० साली विश्वचषक ब्राझीलमध्ये भरला, तेव्हा राष्ट्रीय संघाचा कणा वास्कोचाच होता. १६ जुलै रोजी, दोन लाखांच्या जवळपास प्रेक्षकांसमोर, ब्राझील उरुग्वेकडून दोन विरुद्ध एक असा हरला. देशात सुतक आले. दोष कुणाला दिला? बिगोदे, जुवेनाल आणि वास्कोचा गोलरक्षक मोआसीर बार्बोझा या तिघा कृष्णवर्णीयांना! बार्बोझा तर जन्मभर अपशकुनी ठरला. आपल्या देशात कुठल्याही गुन्ह्याला तीस वर्षांहून अधिक शिक्षा नाही, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा अर्थाचे तो बोलत असे. तो २००० साली वारला. तारीख होती ७ एप्रिल. त्या पत्राचीच तारीख. पत्राने दार उघडले होते, पण मने उघडायला एक पत्र पुरत नाही.

पुढची कहाणी भरती-ओहोटीची आहे. १९७४ साली वास्को प्रथमच साऱ्या ब्राझीलचा विजेता झाला. त्यानंतर १९८९, १९९७ आणि २००० साली. शंभराव्या वर्षी, १९९८ मध्ये, दक्षिण अमेरिकेचा सर्वश्रेष्ठ चषकही आला. मग दिवस फिरले. कर्ज वाढले, कारभारात भांडणे माजली, आणि २००८ साली क्लब प्रथमच खालच्या वर्गात ढकलला गेला. २०१३, २०१५ आणि २०२० या सालीही तेच झाले. प्रत्येक वेळी तो पुन्हा वर चढला.

पडत्या काळातही माणसे या क्लबाला का धरून राहतात? चषक तर इतरांकडेही आहेत, काहींकडे अधिकही आहेत. वास्कोच्या माणसाला अभिमानाने सांगायला एक गोष्ट जास्त आहे. मोठ्यांच्या पंगतीत पान मांडले असता, आपली बारा माणसे बाहेर उभी आहेत हे पाहून आमचे वडीलधारे उठून आले, ही ती गोष्ट.

शिक्षक बंधुभगिनींनो, इतिहासाच्या तासाला वास्को-द-गामाचा धडा येईल तेव्हा कालिकतचे बंदर सांगा, जळालेले जहाज सांगा, आणि शेवटी दोन मिनिटे या बारा खेळाडूंचीही गोष्ट सांगा. नियम वाचताना तो कुणासाठी लिहिला आहे आणि कुणाला बाहेर ठेवण्यासाठी लिहिला आहे, हे विचारायची सवय मुलांना लागली, तर तो तास सार्थकी लागला असे मी म्हणेन.