गिअरचं माहेर

गिअरची सायकल म्हणजे जोरात पळणारी सायकल, हे समीकरण आपल्याकडे गल्लोगल्ली पक्कं आहे. बिनगिअरची काळी सायकल दूधवाल्याची, पोस्टमनची. गिअरची ती रेसवाल्या पोरांची. दहावीला बरे मार्क पडले की वडिलांकडे हट्ट धरायचा तो तिचाच. या वस्तूची कुळकथा मात्र नेमकी उलटी आहे. शर्यतवाल्यांनी गिअरला चांगली पस्तीस वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. त्याला जन्माला घातलं, वाढवलं आणि बाजारात उभं केलं ते रमतगमत डोंगर चढणाऱ्यांनी, आणि तेही चढावर सायकलवरून उतरावं लागू नये म्हणून.

अडचण काय होती ते काळ्या सायकलवरच बघावं. पुढच्या चकतीला साधारण 44 दाते, मागच्या फ्रीव्हीलला 18. पायडल एकदा पुरतं फिरलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला हे झकास. पण घाट लागला की त्याच एका फेऱ्यात स्वतःचं, सायकलचं आणि कॅरिअरवरच्या बोचक्याचं वजन फूट-दीड फूट वर उचलावं लागतं. मांड्या भरून येतात, पायडल अडतं, माणूस उतरतो आणि सायकल ढकलायला लागतो. मागची चकती मोठी केली किंवा पुढची लहान, तर चढ सोपा होतो. पण मग सपाटीला पाय नुसते गरागरा फिरतात, सायकल काही पुढे सरकत नाही. एकाच सायकलला दोन्ही जमायला हवं असेल तर चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणं आलं. ती कशी न्यायची, यावर एका गावाने आपली दोन-तीन पिढ्यांची बुद्धी खर्च केली.

ते गाव फ्रान्समधलं सां-एतियेन. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फितींचे माग, अशी त्याची ख्याती. बंदुका करणाऱ्या गावात बारीक धातुकामाचे हात घरोघर असतात. सायकलचा धंदा तिथे रुजला तो काही योगायोगाने नाही. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटरवर आहे आणि दक्षिणेला लगेच पिलाचे डोंगर सुरू होतात. त्यांतून ऱ्होन नदीच्या खोऱ्याकडे उतरणारी वाट कोल द ला रेप्युब्लिक या खिंडीतून जाते. उंची 1161 मीटर. गावातून निघालं की बारा-तेरा किलोमीटर चढच चढ, आणि वरचा टप्पा फरच्या दाट रानातून. या खिंडीला ‘मोठं रान’ असंही एक नाव आहे. 1904 च्या तूर द फ्रान्समध्ये याच घाटात रात्रीच्या अंधारात स्थानिक खेळाडूच्या पाठीराख्यांनी बाकीच्या शर्यतवाल्यांना दगड-काठ्यांनी झोडपलं होतं. शर्यतीच्या इतिहासात हा घाट अशा बदनामीने शिरला. गिअरच्या इतिहासात त्याचा मान फार मोठा आहे.

पॉल द व्हिव्ही हा इथला रेशमाचा व्यापारी. जन्म 1853 चा. 1881 साली त्याने उंच पुढच्या चाकाची सायकल घेतली आणि धंद्यातलं लक्ष उडालं ते उडालंच. पुढे रेशीम सोडून त्याने सायकलींचं दुकान काढलं, इंग्लंडहून सायकली आणून विकल्या, ‘गोल्वाज’ नावाची स्वतःची सायकल बनवली आणि 1887 मध्ये एक मासिक सुरू केलं. ते पुढे ‘ल सिक्लिस्त’ या नावाने गाजलं. मासिकात तो ‘वेलोसियो’ या टोपणनावाने लिही आणि लोक त्याला त्याच नावाने ओळखू लागले. शाकाहारी, एस्परांतो भाषेचा पुरस्कर्ता, रात्रभर सायकल हाणून सकाळी दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या गावी पोचणारा. थोडा विक्षिप्त, पण वाचकांना पत्रोत्तरं देणारा माणूस.

सांगतात ते असं, की 1889 मध्ये वेलोसियो रेप्युब्लिकचा तो घाट चढत असताना त्याच्याच मासिकाचा एक वाचक तोंडात पाइप ठेवून, धूर सोडत आरामात त्याला मागे टाकून गेला. गोष्टीला वाचकांनी थोडंफार मीठमसाला लावलाही असेल. पण त्यानंतर वेलोसियोने जी सायकल बनवली ती खरी आहे. पुढे एकाऐवजी दोन चकत्या. चढ आला की थांबायचं, खाली उतरायचं, चेन बोटांनी उचलून लहान चकतीवर घालायची, ग्रीसचे हात पुसायचे आणि निघायचं. मग त्याने डाव्या बाजूलाही दोन चकत्या बसवल्या आणि चार गिअर झाले. आज हे हास्यास्पद वाटतं. पण बारा किलोमीटरच्या चढासाठी एकदाच उतरणं आणि बारा किलोमीटर सायकल ढकलणं यांतलं काय परवडतं, हे ज्याने घाटात सायकल ढकलली आहे त्याला सांगावं लागत नाही.

यात रस्त्यांचाही मोठा वाटा आहे, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. सां-एतियेनहून फ्रान्सची पहिली रेल्वे 1827 मध्ये सुरू झाली होती. कोळशाचे डबे घोडे ओढत. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत देशभर लोहमार्ग पसरले, तशा लांबच्या घोडागाड्या बंद पडल्या. डोंगरातले उत्तम बांधलेले हमरस्ते ओस पडले आणि मोटार अजून यायची होती. वेलोसियोच्या पिढीला जी दोन-तीन दशकं मिळाली ती त्या मधल्या फटीतली. रानातला घाटरस्ता, समोरून फार तर एखादी बैलगाडी. अशा रस्त्यावर घाई कुणाला? चढ सोसवेल तेवढाच हवा, की दुसऱ्या दिवशीही निघता यावं. गिअरची मागणी इथून आली.

1902 साली फ्रान्सच्या तूरिंग क्लबने पायरेनीजमधल्या 2115 मीटर उंचीच्या तूरमाले घाटात पर्यटनाच्या सायकलींची चाचणी घेतली. त्याच सुमारास मार्थ एस नावाच्या बाईने तीन गिअरची गोल्वाज चालवत डोंगराळ रस्त्यावर एदुआर फिशर या नावाजलेल्या शर्यतपटूला मागे टाकलं. त्याच्याकडे एकच गिअर होता. खरं तर इथे वाद संपायला हवा होता. पण ‘लोतो’ या क्रीडापत्राचा संपादक आंरी देग्रांज, म्हणजे पुढच्याच वर्षी तूर द फ्रान्स सुरू करणारा गृहस्थ, त्याने लिहिलं त्याचा आशय असा, की गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना ठीक आहे. जिंकायचं ते स्नायूंच्या जोरावर. एका बाईने हरवल्यावर सुचलेलं हे तत्त्वज्ञान. ते त्याने स्वतःच्या शर्यतीत कारभार हाती असेपर्यंत राबवलं. खेळाडू मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगवेगळी चकती लावत; घाटाच्या पायथ्याशी उतरून, फुलपाखरी नट सोडवून चाक उलटं बसवत. थंडीने बोटं बधिर झालेली असताना हा उद्योग करून बघावा.

तिकडे सां-एतियेनच्या कारखान्यांत काम चालूच होतं. पायडल उलटं फिरवलं की हलका गिअर लागेल अशाही सायकली तिथे निघाल्या. इंग्रजांनी 1902 पासून गिअर चाकाच्या तुंब्यातच लपवला; बंदिस्त आणि टिकाऊ, पण तीनच टप्पे. सां-एतियेनवाल्यांनी चेन उघडीच ठेवली. जोआनी पानेलने 1911 च्या सुमारास आणि आल्बेर रेमोंने 1920 च्या दशकात जे केलं तेच आजच्या गिअरचं बीज. मागे लहान-मोठ्या चकत्या एकमेकींना खेटून बसवायच्या. चालत्या चेनला एका पट्टीने बाजूला रेटायचं, की ती शेजारच्या दात्यांवर चढते. चकती लहान झाली की चेन सैल पडते, म्हणून खाली स्प्रिंगवर एक छोटी फिरकी, जी सैल पडलेली चेन ओढून धरते. रेटणारी पट्टी आणि ओढणारी फिरकी, बास. 1964 मध्ये जपानच्या सनटूरने पट्टीची चौकट तिरकी केली, त्यामुळे ती चकत्यांच्या उतरंडीला समांतर सरकू लागली. बाकी मूळ तेच.

तूर द फ्रान्सने 1937 मध्ये गिअरला परवानगी दिली. देग्रांज आदल्याच वर्षी कारभारातून बाजूला झाला होता. त्या वर्षी रोजे लापेबी गिअर वापरून जिंकला, आणि गिअर शर्यतवाल्यांचा झाला तो आजतागायत.

हे बघायला वेलोसियो नव्हता. 1930 मध्ये सां-एतियेनच्या रस्त्यात, सायकल हातात धरून चालताना, एका मोटारीला चुकवायला तो मागे सरला आणि ट्रामखाली सापडला. 1922 पासून त्याच्या नावाने गावातून खिंडीपर्यंत दरवर्षी सायकलस्वारांचा मेळा चढतो. वर त्याचं स्मारक आहे. पण रेल्वे आणि मोटार यांच्या मधली ती फट कधीच बुजली. आता त्या घाटात मालट्रक आणि गाड्यांची वर्दळ असते.

गंमत म्हणजे निवांत रस्ता पुन्हा मिळाला तो रेल्वेमुळेच. मोटारींनी डोंगरातल्या छोट्या रेल्वे बुडवल्या आणि त्यांचे रूळ उखडून वाटा झाल्या. बर्गंडीतली जिव्री ते क्लूनी ही अशी गाजलेली वाट 1997 ची. पिलाच्या कुशीत दुनिएर, बुर्ग-आर्जांताल या गावांच्या बाजूला जुन्या रेल्वेमार्गावर ‘व्हिया फ्लुव्हिया’ आहे. बोगदे, पूल, रान, आणि मोटारींना मज्जाव. आगगाडीला तीव्र चढ सोसत नाही, त्यामुळे या वाटा लांब वळसे घेत हळूहळू चढतात. दोन आठवड्यांचं सामान लादलेली पन्नाशीतली जोडपी तिथे हलक्या गिअरवर गप्पा मारत जातात. देग्रांजच्या हिशेबात गिअर यांच्यासाठीच होता, आणि तेवढं त्याचं बरोबर होतं.

पुण्या-मुंबईत आज जे 200, 300, 400, 600 किलोमीटरचे ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल-सफरी, होतात, त्यांचा धागाही याच भांडखोर संपादकाशी जोडलेला आहे. 1921 मध्ये पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचं त्याच्याशी बिनसलं, म्हणून क्लबने ज्याने त्याने आपल्या चालीने जायच्या सफरी सुरू केल्या. आपले ब्रेव्हे त्याच वंशातले. घाटात तिथेही दमछाक होते ती बहुतेकदा पायांमुळे नाही, दुकानातच झालेल्या घोटाळ्यामुळे. दुकानदार ‘एकवीस गिअर’ म्हणतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. गिअर एकवीस असोत की आठ, बघायचं ते एवढंच: पुढची सर्वांत लहान चकती किती दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी किती. पुढे 30 आणि मागे 34 असेल तर एका फेऱ्यात सायकल दोन मीटरही पुढे जात नाही. सामान लादून वरंधा किंवा आंबेनळी घाट चढायचा असेल तर हवं तेच. पुढे 39 आणि मागे 25 असेल, तर ती सायकल कितीही महाग असो, घाटात ढकलायची तयारी ठेवून घ्यावी.