काळ्या पडद्यावरचा वाचक

न्यूजग्रुप वाचणाऱ्याला एक स्पेसबार पुरायचा. लॅरी वॉल यांनी १९८४ साली ‘आरएन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला (‘पर्ल’ ही भाषा त्यांनी त्यानंतर तीन वर्षांनी आणली), आणि सगळं वाचन त्या एका कळीवर आणून ठेवलं. ती दाबली की मजकूर पुढे सरके, पत्र संपलं की न वाचलेलं पुढचं पत्र उघडे, गट संपला की पुढचा गट. काळा पडदा, ८० रकाने, २४ ओळी. माउस नाही, चित्र नाही. मराठी माणसं इंटरनेटवर एकमेकांशी पहिल्यांदा बोलली ती अशाच पडद्यांवर. त्या पडद्याने आपल्याला काय दिलं आणि काय दिलं नाही, हे दोन्ही नीट लिहून ठेवायला हवं.

सुरुवात १९७९ची, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली. ड्यूक विद्यापीठातले टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस हे विद्यार्थी आणि शेजारच्या चॅपल हिलचे स्टीव्ह बेलोविन यांनी यूनिक्सची यंत्रं फोनवरून जोडली. एका यंत्राने दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेली पत्रं द्यायची, त्याच्याकडची घ्यायची. हेच युजनेट, आणि त्यातले विषयवार गट म्हणजे न्यूजग्रुप. मधोमध बसलेला मालक कोणी नव्हता. प्रत्येक ठिकाणी पत्रांची स्वतःची प्रत असायची आणि वाचणारा आपल्याच यंत्रावरची प्रत वाचायचा. त्यामुळे पत्रं पोचवणं एकाचं काम आणि ती वाचायला देणं दुसऱ्याचं, अशी विभागणी आपोआप झाली. कसं वाचायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं, ही मोकळीक या रचनेतूनच आली. 

या मोकळिकीचा पुरावा एका साध्या फाइलीत सापडतो. तिचं नाव ‘न्यूजआरसी’. एका ओळीत एका गटाचं नाव, पुढे वाचून झालेल्या पत्रांचे आकडे. गट हवा असेल तर नावापुढे दोन टिंबं, नको असेल तर उद्गारचिन्ह. ही फाइल वाचकाच्या स्वतःच्या खात्यात असे आणि त्याला ती हाताने बदलता येई. एखाद्या विषयाचा कंटाळा आला तर ‘के’ दाबून तो विषय त्या दिवसापुरता मिटवायचा. मोठा ‘के’ दाबला की तो ‘किल फाइल’मध्ये कायमचा जाई. कोणाचं लिखाण दिसावं आणि कोणाचं दिसू नये, याचा निवाडा वाचकाच्या हाती होता. लाइन मंद असेल तर आरएन पहिल्या पानावर थोड्याच ओळी दाखवे, म्हणजे तेवढ्या वाचून पत्र सोडायचं की पुढे वाचायचं ते ठरवता येई. आणि लिहायला बसलं की तो बजावे, की तुमचा मजकूर जगभरच्या हजारो यंत्रांवर जाणार आहे, त्यापायी शेकडो-हजारो डॉलर खर्च होतील, तेव्हा पुरता विचार करा. इतकी जबाबदारीची जाणीव देणारं लेखनसाधन नंतर माझ्या पाहण्यात आलेलं नाही.

पुढची वंशावळ थोडक्यात सांगतो. वेन डेव्हिसन यांनी आरएनचा ‘टीआरएन’ केला. कोणतं उत्तर कोणत्या पत्राला आहे, त्याचं झाड तो पडद्याच्या कोपऱ्यात काढून दाखवी. डेन्मार्कच्या किम स्टॉर्म यांचा ‘एनएन’ आधी विषयांची यादी पुढे ठेवी. रिच स्क्रेंटा यांच्या ‘टास’वरून इयन ली यांनी १९९१मध्ये ‘टिन’ केला, आणि १९९४मध्ये जॉन डेव्हिस यांचा ‘एसएलआरएन’ आला.

आपल्याकडे ही वाट मुंबईतून आली. टीआयएफआरमधून १९८५मध्ये वेगळी झालेली एनसीएसटी ही संस्था जुहूला होती आणि श्रीनिवासन रमाणी तिचे प्रमुख होते. इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या ‘अर्नेट’ प्रकल्पात एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात फोनवरून टपाल सुरू झालं. जानेवारी १९९१मध्ये दिल्ली-मुंबई अशी ९.६ किलोबिटची भाड्याची लाइन आली आणि १९९२मध्ये एनसीएसटीहून अमेरिकेतल्या यूयूनेट या कंपनीपर्यंत ६४ किलोबिटची. आज एक फोटोही ज्यातून सुखाने जाणार नाही, एवढ्या अरुंद वाटेवर देशातल्या संशोधन संस्थांची भिस्त होती. तिथे निव्वळ अक्षरांचा पडदा ही गरजच होती.

पलीकडच्या टोकाला अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणारी मराठी मुलं-मुली होती. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासून होतं, पण संमेलन आणि टपाल यांच्या मधल्या काळात रोज बोलायला जागा नव्हती. ती न्यूजग्रुपने दिली. आधी सगळ्या भारतीयांचा मिळून ‘सॉक.कल्चर.इंडियन’, पुढे नव्वदच्या दशकात ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’. गाण्यांसाठी वेगळे गट होते. मूळचे गोव्याचे राजन पर्रीकर ‘रेक.म्युझिक.इंडियन.क्लासिकल’वर रागांविषयी तपशिलाने लिहीत. मैफलीतून उठून घरी जाताना रंगणाऱ्या चर्चा तिथे लेखी स्वरूपात चालत, आणि चुकीला चूक म्हणणारेही तिथे होते.

मात्र हे सगळं रोमन लिपीत. न्यूजग्रुपचा मजकूर सात बिटांच्या आस्कीत जायचा, त्यात देवनागरीला जागाच नव्हती. याच काळात पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी ‘जिस्ट’वर काम करत होते. पीसीत बसवायचं कार्ड होतं, टर्मिनलही होतं, आणि त्यावर देवनागरी दिसे. त्यामागची ‘इस्की’ सांकेतिक प्रणाली १९९१मध्ये भारतीय मानक झाली. पण इस्की आठ बिटांची. वाटेतल्या यंत्राने आठवा बिट कापला की मराठी मजकुराचा चुथडा. शिवाय ओहायोच्या प्रयोगशाळेत जिस्ट कुठून असणार? पुण्यात देवनागरीचा पडदा तयार होता आणि बाहेर मराठीत बोलणारी माणसं तयार होती, पण दोघांची गाठ पडली नाही.

मधला मार्ग अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’ने काढला. मोठा ‘एन’ म्हणजे ण, मोठा ‘एल’ म्हणजे ळ, मोठा ‘टी’ म्हणजे ट. पडद्यावर रोमनच दिसे, पण तोच मजकूर आयट्रान्समधून काढला की कागदावर शुद्ध देवनागरी उमटे. हिंदी-मराठी गाण्यांचे कितीतरी शब्द याच पद्धतीने टिपले गेले. ज्यांनी ते टाइप केले त्यांच्या हातांना मोबदला नव्हता. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं, सुरुवातीला दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे. कमी पैशांत मिळे ते शेल खातं. त्यात तोच काळा पडदा, टपालासाठी ‘पाइन’, वेबसाठी ‘लिंक्स’. पाइनमधून न्यूजग्रुपही वाचता येत. पण मराठी काही मुंबईत संपत नाही. तेव्हा मध्य प्रदेशातल्या खंडवा जिल्ह्यात असलेल्या बुऱ्हाणपुरातल्या किंवा धूलकोटमधल्या कोणाला हे हवं असतं, तर मुंबईला एसटीडी लावून मिनिटाला पैसे मोजावे लागले असते. म्हणून त्या पहिल्या चर्चांत सीमेवरची मराठी जवळजवळ नाही. ही उणीव नंतरही कोणी भरून काढली नाही.

१९९६मध्ये ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ सुरू झालं, युनिकोड रुळल्यावर देवनागरी आली आणि माणसं वेबकडे वळली. जुनी पत्रं टिकली ती टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागामुळे. तिथे हेन्री स्पेन्सर यांनी १९८१पासून दहा वर्षांची पत्रं १४१ चुंबकीय फितींवर जपून ठेवली होती. पुढची पत्रं १९९५पासून ‘डेजा न्यूज’ने साठवली, २००१मध्ये तो साठा गूगलने घेतला आणि त्या फितींवरचा मजकूरही त्यात आला. २२ फेब्रुवारी २०२४पासून गूगलने युजनेटची नवी पत्रं घेणं थांबवलं. जुनी अजून शोधता येतात. मराठी गटातली पत्रं आयट्रान्स-रोमनमधून देवनागरीत आणून एखाद्या विद्यापीठाने जपावीत, असं मला मनापासून वाटतं. मराठीच्या संगणकीय इतिहासातली ती पहिली दप्तरं आहेत.

युजनेट बंद पडलेलं नाही. टिन आणि एसएलआरएन लिनक्सवर आजही बसवता येतात, फुकट सर्व्हर आहेत, आणि दोन्ही प्रोग्रॅमना युनिकोड कळतं. तरी देवनागरी पत्र उघडलं की बऱ्याच टर्मिनलांत ऱ्हस्व इकार अक्षराच्या मागे जाऊन बसतो आणि जोडाक्षर फुटून हलन्त दिसतं. टर्मिनल प्रत्येक अक्षराला एकसारखं घर देतं, तर ‘क्ष्मि’ला किती घरं द्यायची यावर आजही एकमत नाही. ‘एमएलटर्म’सारखं एखादं टर्मिनल हे बरंच सांभाळतं. बाकीच्यांत ते दुरुस्त करायचं काम शिल्लक आहे, आणि ते मराठी वाचणाऱ्या कोणीतरी अंगावर घ्यायला हवं.